जळणात जाणारी नक्षी

कराड, सातारा किंवा सांगलीच्या सॉ मिलवर ओंडका आला की बेचका आधी कापून बाजूला टाकतात. बुंध्याला दोन फांद्या फुटतात तिथल्या या तुकड्यातून सरळ फळी निघत नाही, म्हणून तो जळणात जातो. घरी हौसेने सुतारकाम करणाऱ्यांनी वखारीतल्या महागड्या फळ्यांआधी हा ढीग बघावा. लाकडातली सर्वांत देखणी नक्षी तिथेच पडून असते.

साध्या फळीत तंतू पृष्ठभागाला समांतर असतात, त्यामुळे उजेड एकसारखा परततो. बेचक्यात दोन फांद्यांचे तंतू एकमेकांत गुंतत वाढतात. काप दिला की काही आडवे दिसतात, काहींची टोकं उघडी पडतात. आडवे चमकतात, टोकं उजेड शोषून गडद दिसतात. फळी हलवली की मोरपिसासारखी चमक जागा बदलते.

बेचका निवडताना सांधा नीट पाहावा. फांद्यांमध्ये अरुंद कोन असेल आणि साल आत दबत गेली असेल, तर तिथे लाकूड जुळलेलंच नसतं, वाळताना ते सुटतं. रुंद, गोलसर सांधा आणि वर सालीचा उंचवटा असलेला तुकडा घ्यावा. मग खडूने रेघ मारून द्यावी: बुंध्याचा आणि दोन्ही फांद्यांचे असे तिन्ही गाभे एकाच कापात आले पाहिजेत. करवत याला काटकोनात चालली तर नक्षी हाती लागत नाही. आणि ती गाभ्याच्या जवळच दाट असते, म्हणून पहिला काप मधोमध घेऊन दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा इंचाच्या फळ्या काढाव्यात.

नुकसान होतं ते पुढे, वाळवताना. लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने आकसतं. बेचक्यात या दिशा दर दोन बोटांवर बदलतात, त्यामुळे ओढाताण होऊन तडा जातो. कापल्या दिवशीच टोकांना मेण किंवा ऑइलपेंट लावावा. फळ्या सावलीत, मध्ये पाऊण इंची पट्ट्या देऊन रचाव्यात आणि वर वजन ठेवावं. वाळायला जाडीच्या दर इंचाला एक वर्ष हा ढोबळ हिशोब. खात्रीसाठी फळीचा छोटा तुकडा तोलून 103 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवावा. 58 ग्रॅमचा तुकडा 50 वर थांबला, तर ओल वाळल्या वजनाच्या 16 टक्के. माण, खटाव किंवा जतच्या कोरड्या हवेत वापरायचं असेल तर ती दहाच्या आसपास हवी. महाबळेश्वरच्या पावसाळी हवेत वाळलेली फळी तिकडे नेली की पुन्हा आकसते, म्हणून कामाआधी काही आठवडे ती त्याच घरात ठेवावी.

शिसव आणि ऐनाचा बेचका उत्तम. आंब्यात बुरशीच्या काळ्या रेघा सुंदर दिसतात, पण भुंगा लवकर लागतो, तेव्हा बोरॅक्स-बोरिक अॅसिडचं पाणी आधीच द्यावं. सिल्व्हर ओकचा बेचका शोधत बसू नये. त्याची जाळीदार चकाकी गाभ्यापासून सालीकडे सरळ जाणाऱ्या कापातच दिसते, आणि भुसा कातडीला खाजवतो, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. आपल्या शेतातलं झाड असलं तरी साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन तोडायला 1964 च्या कायद्यानुसार परवानगी लागते.

एवढा धीर नसेल तर व्हिनिअर, म्हणजे प्लायवर चिकटवतात तो लाकडाचा पातळ पापुद्रा. दुकानातल्या आठ बाय चारच्या 4 मिमी शीटवर खऱ्या लाकडाचा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. तिथे बेल्ट सँडर, म्हणजे घासायचं मशीन, लावू नये. 180 नंबरचा पॉलिश पेपर हाताने, रेषांच्या दिशेने फिरवावा. दारांच्या जोडीसाठी एकाच गठ्ठ्यातल्या लागोपाठ नंबरच्या शीट मागाव्यात, नाहीतर नक्षी आणि रंग जुळत नाहीत. तीच नक्षी ठरावीक अंतराने परत येत असेल, तर ते रंगवलेल्या थरांतून बनवलेलं रिकॉन व्हिनिअर समजावं. कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला की पॉलिशनंतरचा रंग कळतो.

बेचक्याचं सुटं व्हिनिअर लाटांसारखं वाकडं येतं. चार भाग पाणी, एक भाग ग्लिसरीन आणि एक भाग स्पिरिट शिंपडून ते कोऱ्या कागदांमध्ये दोन प्लायखाली दाबावं, कागद रोज बदलावेत. चिकटवताना खालच्या पाटाच्या मागच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचं साधं व्हिनिअर लावावं. एकाच बाजूला लावलं तर सरस वाळताना पाट तिकडे ओढला जाऊन वाकतो.