महिला उद्योजकतेचे प्रेरक घटक (सातारा व सांगली जिल्हे)

स्वतःच्या निर्णयाने व्यवसाय सुरू करून तो टिकवून धरण्याचे बळ स्त्रियांना ज्या आर्थिक, कायदेशीर व सामाजिक गोष्टींमुळे मिळते, त्यांना महिला उद्योजकतेचे प्रेरक घटक म्हणतात. सातारा व सांगली जिल्ह्यांतील अनुभव पाहता यांत कौशल्यापेक्षा मालकीला अधिक महत्त्व द्यावे लागते. तासगाव भागात बेदाण्याची निवड करणाऱ्या किंवा सांगली परिसरात हळदीच्या कामावर जाणाऱ्या मजूर स्त्रियांना मालाची पारख उत्तम असते. मात्र माल दुसऱ्याचा असल्यामुळे त्या पारखीचे मोल त्यांना रोजंदारीपलीकडे मिळत नाही.

पहिला घटक स्वतःच्या हातातील बचत हा होय. सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवड येथे सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली. तिचे मूळ एका लोहारकाम करणाऱ्या स्त्रीच्या साध्या अडचणीत होते : पावसाळ्यात पालावर टाकायला ताडपत्री घ्यावी म्हणून तिला रोज थोडे पैसे साठवायचे होते, परंतु एवढ्या लहान रकमेचे खाते उघडण्यास बँक तयार नव्हती. पुढे महिलांनी स्वतःची बँक काढण्यासाठी केलेला परवान्याचा पहिला अर्ज, अनेक प्रवर्तक सभासद निरक्षर असल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने नाकारला. तेव्हा या स्त्रियांनी साक्षरतेचे धडे घेतले आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन, व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो, असे सांगितले. अक्षरओळख नसणे म्हणजे व्यवहारज्ञान नसणे नव्हे, हे त्यांनी ठामपणे मांडले. बँक सुरू झाल्यावरही पासबुक घरी ठेवले की नवऱ्याला शिल्लक कळते आणि पैसे मागितले जातात, अशी खातेदारांची तक्रार होती. त्यावर पासबुकाऐवजी कार्डाची सोय करण्यात आली. बचत दाराशी येऊन गोळा केल्याने कामाचा खाडाही टळला. भांडवल मिळणे जितके आवश्यक, तितकेच ते गुप्त व सुरक्षित राहणेही आवश्यक असते, ही बाब कर्जयोजना आखताना फार कमी वेळा लक्षात घेतली जाते.

दुसरा घटक मालमत्तेचा. सात-बारावर नाव नसलेल्या स्त्रीकडे तारण देण्यासारखे काही नसते आणि जामीनदार म्हणून पुन्हा घरातील पुरुषाकडेच पाहावे लागते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहिमेतून शेतकऱ्यांना पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये, तर केंद्राने २००५ मध्ये केली. हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेण्याची रीत मात्र अजून चालू आहे आणि कायद्याचा बराचसा लाभ तिथेच गळतो.

तारणाची उणीव काही अंशी बचत गटांनी भरून काढली. नाबार्डने (राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँक) १९९२ मध्ये गट व बँका जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला. राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ (१९७५) व पुढे ‘उमेद’ या राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने गटबांधणीचे काम केले. सावकाराच्या व्याजातून सुटका हा गटाचा मोठा लाभ आहे. तथापि सर्वच गट पापड-लोणच्याकडे वळल्यास एकाच बाजारात सारखाच माल येऊन भाव पडतो. म्हणून हिशेब, वेष्टन व विक्री यांचे प्रशिक्षण कर्जाबरोबरच द्यावे लागते. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने बसमधून फिरणारी व्यवसायशाळा चालवून हे शिक्षण गावात नेले.

शेळीपालन, शिवणकाम वा आठवडी बाजारातील विक्री यांपैकी कोणताही व्यवसाय असो, बाजाराच्या दिवशी मूल कोण सांभाळणार आणि माल घेऊन जाण्यास वेळेवर एसटी आहे का, यांवरही तो चालणे अवलंबून असते.