सायकल घेताना चाकाचा नंबर नाही, फ्रेमचं माप विचारा

आमच्या सायकलच्या दुकानात पहिली मागणी येते, "२६ची दाखवा." हा इंचांतला आकडा चाकाचा. त्याच चाकावर लहान फ्रेमही येते आणि मोठीही. अंगाला बसते की नाही, ते फ्रेम ठरवते. जुन्या काळ्या सायकलींना २२ आणि २४ म्हणत, ते मात्र फ्रेमचं माप होतं. चाकं दोन्हींची २८चीच.

माप घरीच घ्या. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. जाड पुठ्ठ्याची वही दोन्ही पायांमध्ये आडवी धरून जांघेपर्यंत वर घट्ट दाबा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. समजा ८० सेंटिमीटर आलं. रोड बाइकसाठी त्याला ०.६७ने गुणा, साधारण ५३-५४ सेंटिमीटरची फ्रेम येते. एमटीबीसाठी, म्हणजे कच्च्या रस्त्यावरच्या माउंटन बाइकसाठी, ०.५७ने गुणा, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटर, १८ इंची. हा अंदाज आहे. दांडी उतरती असेल तर कंपनीचा तक्ताही पाहावा लागतो, आणि हात-धड लांब की आखूड हे बसूनच कळतं. दोन मापांत अडलात तर आम्ही बहुधा लहान सुचवतो: सीट वर घेता येते, मोठी फ्रेम कापता येत नाही.

मुलांच्या बाबतीत आमचा आग्रह जास्त आहे. "पोऱ्या वाढी ना, मोठीच द्या," असं आईवडील म्हणतात. पण दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं राहिल्यावर दांडी आणि जांघ यांच्या मधे दोन-तीन बोटंही जागा उरत नसेल, तर अचानक ब्रेक लावला की मूल दांडीवरच आदळतं. अशी सायकल आम्ही देत नाही.

आता सीट. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, हा समज शिकणाऱ्या मुलांपुरता ठीक. मोठ्यांनी तसं ठेवलं तर गुडघे सतत दुमडलेले राहतात आणि लळिंगचा घाट चढताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. कंबर डावी-उजवी हलत असेल किंवा गुडघ्यामागे ओढ बसत असेल तर सीट जास्त वर आहे. सीटपोस्टवरच्या (सीटखालच्या दांड्यावरच्या) खुणेपलीकडे मात्र ती कधीही ओढू नका.

हाताला मुंग्या येतात? बऱ्याचदा सीटचं नाक खाली झुकलेलं असतं. आधी ते सपाट करा. तरीही मान-खांदे आखडत असतील तर हँडल वर घ्यावं किंवा आखूड स्टेम (हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा) बसवावं. शेतात, बाजारात जाणाऱ्यांना ताठ बैठक बरी. लांब पल्ल्याला, वाऱ्याच्या तोंडी, थोडं वाकलेलं बरं.

सीट लावून घ्यायला याल तेव्हा रोज सायकलवर घालता तीच चप्पल किंवा बूट घालून या. तळाच्या जाडीने उंची बदलते.