स्वयंचलित दृश्य चाचणी

सॉफ्टवेअरचा पडदा, म्हणजे वेबपान किंवा मोबाइल अ‍ॅप, जसा दिसायला हवा तसाच दिसतो आहे का, हे त्याचे स्क्रीनशॉट ताडून संगणकाकरवी तपासण्याची पद्धत. टेस्टर मंडळी तिला ‘व्हिज्युअल टेस्टिंग’ म्हणतात. नव्या बदलामुळे आधीचे दिसणे बिघडले का, एवढेच पाहायचे असेल तर ‘व्हिज्युअल रिग्रेशन टेस्टिंग’ हे नाव जास्त चालते.

नेहमीची स्वयंचलित चाचणी पानाच्या रचनेत डोकावते. २००४ साली शिकागोत थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीत जेसन हगिन्स यांनी सुरू केलेले सेलेनियम हे तिचे ठळक साधन. बटण आहे का, त्यावरचा मजकूर बरोबर आहे का, दाबल्यावर पुढचे पान उघडते का, हे ती चोख सांगते. पण पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरीच अक्षरे उमटली, तरी मजकूर जागेवर असल्याने ती पास होते. माणसाला मात्र तिथे काहीच दिसत नाही.

देवनागरीत ही उणीव फार बोचते. बटणाची उंची पुष्कळदा रोमन अक्षरांच्या मापाने ठरलेली असते. त्या चौकटीबाहेरचा भाग कापला जाईल अशी मांडणी असली, की वरची मात्रा आणि खालचा उकार दोन्ही छाटले जातात आणि ‘पुणे’चे ‘पण’ होते. कोडमध्ये मजकूर ‘पुणे’च असतो, त्यामुळे मजकूर तपासणारी चाचणी हिरवीच, म्हणजे पासच, राहते. पाकळीचा ल आणि देठाचा श यांचेही असेच. काही फाँटांत ही मराठी वळणे पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली असेल तरच उमटतात. ती नोंद चुकून गळली तर हिंदी वळणाची अक्षरे येतात, आणि युनिकोड संकेतांक, म्हणजे संगणक अक्षर ज्या क्रमांकाने ओळखतो तो, तेच असल्याने मजकुराच्या तुलनेत फरक सापडत नाही. तो चित्रातच दिसतो.

चाचणीची रीत सोपी आहे. पडद्याचे एक चित्र मान्य करून जपून ठेवतात. हीच ‘बेसलाइन’. पुढे प्रत्येक बदलानंतर नवे चित्र काढून ते बेसलाइनशी पिक्सेलगणिक ताडतात आणि फरकाच्या जागा रंगवलेले तिसरे चित्र, म्हणजे ‘डिफ’, टेस्टरसमोर ठेवतात. बदल हवा होता असे ठरले तर नवे चित्र बेसलाइन होते, नाहीतर कोड दुरुस्त करतात.

खरी डोकेदुखी खोट्या इशाऱ्यांची. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची तऱ्हा मॅक, विंडोज आणि लिनक्सवर वेगवेगळी असल्याने काहीही न बदलता चित्रे जुळत नाहीत. म्हणून मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेले प्लेराइट हे चाचणीचे साधन बेसलाइनच्या फाइलनावातच ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिम नोंदवते. लागोपाठची दोन चित्रे सारखी येईपर्यंत ते थांबते आणि अ‍ॅनिमेशन गोठवते. तारीख, जाहिराती असा सतत बदलणारा भाग झाकण्याची सोयही त्यात आहे. तुलनेसाठी ते ‘पिक्सेलमॅच’ ही छोटी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरते. ती रंगातला फरक डोळ्याला जाणवेल त्या मापाने मोजते आणि कडांच्या गुळगुळीतपणातून आलेले फरक ओळखून सोडून देते.

फरकाला किती सूट द्यायची, हे मात्र टीमने ठरवायचे असते. १३६६ × ७६८ च्या पडद्यावर १०,४९,०८८ पिक्सेल असतात. ०.१ टक्का सूट म्हणजे हजाराहून अधिक पिक्सेल. चार बाय चार पिक्सेलचा अनुस्वार म्हणजे जेमतेम सोळा. तो पुसला गेला तरी चाचणी पास होईल. मराठी पानांसाठी अख्ख्या पडद्याला सरसकट सूट देण्यापेक्षा बटण, शीर्षक, फॉर्म असे छोटे भाग वेगळे ताडणे हाच सुरक्षित मार्ग.

चित्र पाहून पडदा चालवण्याची कल्पना २००९ मध्ये अमेरिकेच्या एमआयटी विद्यापीठातल्या ‘सिकुली’ प्रकल्पाने पुढे आणली. बटणाचा स्क्रीनशॉट थेट प्रोग्रॅममध्ये घालायचा आणि संगणकाने पडद्यावर ते शोधून दाबायचे. मेक्सिकोतल्या हुइचोल लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ ‘देवाचा डोळा’. पुढे बीबीसी न्यूजच्या डेव्हलपरांनी ‘रेथ’ हे वेबपानांची चित्रे ताडणारे साधन सर्वांसाठी खुले केले. २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ब्राउझरस्टॅक कंपनीने २०२० मध्ये ‘पर्सी’ ही दृश्य चाचणीची सेवा विकत घेतली.

पहिली बेसलाइन मात्र यंत्राला तपासता येत नाही, कारण ताडायला तिच्याआधीचे काहीच नसते. ती मराठी वाचणाऱ्या माणसाने अक्षर न अक्षर पाहूनच मंजूर करावी. पहिल्या चित्रातच ‘पण’ राहिले असेल, तर पुढे कोणी ते सुधारून ‘पुणे’ केले त्या दिवशी चाचणी फेल होईल.