करंगळीची बधिरता आणि तीन चाकांचा तोल

सायकल तासभर चालवली की हाताची करंगळी बधिर होते, शेजारच्या अनामिकेचा करंगळीकडचा अर्धा भाग झिणझिणतो, मात्र अंगठा, तर्जनी आणि मधले बोट अगदी ठीक असतात, असा अनुभव रोज लांबचे अंतर सायकलने कापणाऱ्या पुष्कळांना येतो. मलाही तो बरीच वर्षे येत होता. हातमोजे बदलून झाले, मुठींवर फोमची पट्टी गुंडाळून झाली, हँडल दोन बोटे वर घेऊन झाले, आणि त्यानंतर मी बोटांचा हा नकाशा नीट समजून घेतला. करंगळी आणि अर्धी अनामिका यांची संवेदना अल्नर नावाच्या मज्जातंतूकडे असते. कोपर दाराच्या चौकटीवर आपटले की करंगळीपर्यंत जी झणझणीत कळ जाते ती याच तंतूतून. मनगटापाशी तो करंगळीच्या बाजूच्या एका अरुंद बोगद्यातून तळहातात शिरतो आणि पुढे वाकलेल्या सायकलस्वाराच्या धडाचा भार मुठींवर नेमका तिथे टेकतो. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल, तर दाबला जाणारा तंतू दुसरा, म्हणजे मनगटाच्या मधून जाणारा मीडियन तंतू असतो. कोणते बोट बधिर होते हे पाहून भार कुठे पडतो आहे ते घरबसल्या ओळखता येते.

सीटची कथा याहून वेगळी नाही. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचा एक तुकडा कठीण स्टुलावर ठेवून, पाय किंचित उचलून, अर्धा मिनिट त्यावर बसावे आणि मग पुठ्ठ्यावरून बोट फिरवावे. दोन खळगे हाताला लागतात. त्या आपल्या आसनास्थींच्या, म्हणजे बैठकीच्या दोन हाडांच्या खुणा होत, आणि दोन खळग्यांमधले अंतर प्रौढ माणसात साधारणपणे दहा ते चौदा सेंटिमीटर भरते. साध्या सायकलवर बसण्याचा भार प्रामुख्याने या दोन टेकूंवर येतो. सत्तर किलो वजनाच्या माणसाचे चाळीस किलो सीटवर आले (उरलेले हातांवर आणि पायडलवर जातात) आणि सीटशी त्याचा स्पर्श शंभर चौरस सेंटिमीटर आहे असे धरले, तर दर चौरस सेंटिमीटरवर ४०० ग्रॅम भार पडतो. रक्तदाबाच्या भाषेत हा दाब पाऱ्याच्या सुमारे २९० मिलिमीटर उंचीइतका झाला. त्वचेतल्या केशवाहिन्यांमधला रक्ताचा दाब ३० मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याच्या कितीतरी पट दाब सतत राहिला तर तिथला रक्तपुरवठा अडतो, आणि म्हणूनच मुरलेला सायकलस्वार दर थोड्या वेळाने पायडलवर उभा राहून सीटला सुट्टी देतो.

इथे बहुतेकांच्या मनात येणारा उपाय म्हणजे जास्त मऊ सीट, आणि तो अनेकदा उलटतो. जेलच्या गुबगुबीत सीटमध्ये ही दोन हाडे रुततात आणि त्यांच्यामधला सीटचा भाग वर फुगून मांड्यांमधल्या नाजूक जागेवर दाबतो, जिथून जननेंद्रियांकडे जाणारे मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या जातात. भार कमी होत नाही, तो सोसणाऱ्या हाडांवरून न सोसणाऱ्या मांसल भागावर सरकतो. आरामाचा प्रश्न मऊपणापेक्षा क्षेत्रफळाचा अधिक आहे, हे एकदा ध्यानात आले की रेलून चालवायच्या तीनचाकीचे, म्हणजे रिकंबंट ट्राइकचे, प्रयोजन आपोआप कळते.

या वाहनात चालक आरामखुर्चीत रेलावे तसा जमिनीपासून साधारण एका वितीच्या वर बसतो, पाय समोर पसरलेले असतात आणि पायडल बूम नावाच्या पुढे आलेल्या दांड्याच्या टोकाला असते. सुकाणूच्या मुठी मांड्यांच्या दोन्ही बाजूंना येतात, त्यामुळे हात खाली सैल सोडलेले राहतात आणि मनगटावर धडाचा भार मुळीच येत नाही. पाठीचा टेकू जाळीच्या कापडाचा असतो, त्यातून वारा खेळतो आणि घाम साचत नाही. वरचेच गणित या आसनाला लावून पाहू. साठ किलो भार पाठ, कंबर आणि नितंब मिळून पंधराशे चौरस सेंटिमीटरवर पसरला, तर दर चौरस सेंटिमीटरला ४० ग्रॅम, म्हणजे पाऱ्याचे ३० मिलिमीटर. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत आणि हाडांच्या टोकांशी दाब सरासरीहून नेहमीच जास्त असतो, पण दहापटींचा हा फरक शरीराला पहिल्या दहा मिनिटांत जाणवतो. मानेलाही तोच दिलासा मिळतो. वाकून बसलेल्या माणसाला साडेचार-पाच किलोचे डोके सतत मागे उचलून धरावे लागते, रेललेल्याचे डोके खांद्यांवर सहज तोललेले असते आणि रस्ता, झाडे, आभाळ हे सारे मान न वळवता समोर दिसते.

रेलून सायकल चालवण्याची कल्पना नवी नाही. फ्रान्समध्ये शार्ल मोशे यांनी अशी दुचाकी बनवली आणि ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसच्या लाकडी धावपट्टीवर फ्रान्सिस फोर या दुसऱ्या फळीतल्या शर्यतपटूने तिच्यावरून एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले. ऑस्कर एग यांचा १९१४ पासून अबाधित असलेला ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम त्या दिवशी मागे पडला. त्यावर आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९३४ मध्ये शर्यतीची सायकल कशाला म्हणावे याची मापे ठरवून दिली आणि रेलून चालवायच्या सायकली शर्यतींतून बाहेर काढल्या. सायकलचा आकार आज आपल्याला निसर्गनियमासारखा अटळ वाटतो, त्यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे असे माझे मत आहे.

मात्र रेललेल्या दुचाकीवर तोल सांभाळायला शिकणे अवघड असते. साधी सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला तिचे पुढचे चाक वळते, चाके पुन्हा भाराच्या खाली येतात आणि ती सावरते. चाकांच्या भोवऱ्यासारख्या फिरण्यामुळेच सायकल उभी राहते अशी समजूत दीर्घकाळ होती. नेदरलँड्सच्या डेल्फ्ट आणि अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात अशा दुचाकीचा नमुना मांडला, जिच्यात भोवऱ्याचा हा परिणाम जाणूनबुजून नाहीसा केलेला होता आणि तरीही ती ढकलून दिल्यावर स्वतःची स्वतः सावरत पुढे जात होती. सावरण्यासाठी गती मात्र हवीच. वेग मंदावला की दुचाकी डुगडुगू लागते आणि मग तोल राखायचे काम मेंदू, अंतर्कर्ण आणि खांद्यांचे स्नायू यांच्यावर पडते. वयामुळे किंवा आजारामुळे ज्यांचा तोल कमकुवत झाला आहे त्यांना सायकल सोडावी लागते ती याच टप्प्यावर. तिसरे चाक आले की हे काम शरीराकडून सांगाड्याच्या भूमितीकडे जाते, सिग्नलला पाय टेकावा लागत नाही आणि ताशी चार किलोमीटर वेगानेही घाट निवांत चढता येतो.

ही भूमिती समजून घेण्यासारखी आहे. तीन चाके जमिनीला टेकतात ते बिंदू जोडले की त्रिकोण तयार होतो, आणि वाहन व चालक यांच्या एकत्रित गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला ओळंबा त्या त्रिकोणाच्या आत पडतो तोवर वाहन उलटत नाही. वळणावर बाहेर फेकले जाण्याच्या ओढीमुळे हा ओळंबा जणू तिरपा होतो आणि त्रिकोणाच्या कडेकडे सरकतो. पुढच्या दोन चाकांमध्ये ७५ सेंटिमीटर अंतर आहे आणि दोन-तृतीयांश भार त्या दोघांवर आहे असे धरा. जिथे गुरुत्वमध्य येतो तिथे त्रिकोणाची अर्धी रुंदी २५ सेंटिमीटर असते. गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर असेल तर दहा मीटर त्रिज्येच्या वळणावर वाहन उलटण्याची वेळ ताशी सुमारे २७ किलोमीटर वेगाला येते. तेच आसन उंच करून गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर नेला तर ती मर्यादा २१ वर उतरते. चढ-उतर सोपी व्हावी म्हणून उंच आसनाची तीनचाकी घेणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. चालकाने वळणाच्या आतल्या बाजूला अंग झुकवले तर ओळंबा पुन्हा आत येतो आणि मर्यादा वाढते. दुचाकीवर वाहनासकट कलायची सवय असलेल्याला हे वेगळे झुकणे जाणीवपूर्वक शिकावे लागते.

दोन चाके पुढे की मागे, हा प्रश्नही याच त्रिकोणाचा आहे. आपली रिक्षा पुढे एक आणि मागे दोन चाकांची असते. वळणात जोरात ब्रेक दाबला की भार पुढे, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे धावतो आणि आतले मागचे चाक उचलले जाते. रेलून चालवायच्या बहुतेक वेगवान तीनचाकींत दोन चाके पुढे असतात. बेडूकमाशासारखा पुढे रुंद आणि मागे निमुळता आकार असल्यामुळे तिला टॅडपोल म्हणतात. तिच्यात ब्रेक लावल्यावर भार रुंद बाजूकडे जातो, म्हणून ब्रेकही पुढच्या दोन्ही चाकांना वेगवेगळे असतात. याची दुसरी बाजू अशी की मागच्या एकट्या चाकावर भार कमी राहतो आणि खडीच्या चढावर ते जागीच फिरू लागते.

पुढची दोन चाके वळताना एकाच कोनात वळून चालत नाही, कारण आतले चाक लहान वर्तुळावर आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळावर धावते. घोडागाड्यांसाठी म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांनी शोधलेली आणि १८१८ मध्ये रूडोल्फ अकरमन यांनी इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेली जोडदांड्यांची रचना मोटारींत आहे तशी इथेही वापरतात. सरळ जाताना मात्र दोन्ही चाके समांतर असायला हवीत. ती किंचित जरी वाकडी असली तर टायर रस्त्यावर घासत राहतो, पाय विनाकारण थकतात आणि नवा टायर काहीशे किलोमीटरांत झिजतो. आसाच्या उंचीवर, दोन्ही रिमच्या आतल्या कडांमधले अंतर आधी पुढून आणि मग मागून मोजावे. दोन मापांत दोन मिलिमीटरहून अधिक फरक आढळला तर जोडदांडा फिरवून तो घालवावा. घरच्या मोजपट्टीने पाच मिनिटांत होणारे हे काम टाळू नये.

आरामाच्या बदल्यात काही गोष्टी सोडाव्या लागतात. चढावर पायडलवर उभे राहून शरीराचे वजन टाकता येत नाही. पाय पाठीच्या टेकूचा आधार घेऊन जोर लावतात, आणि हा जोर स्वतःच्या वजनाहूनही जास्त होऊ शकतो, तो थेट गुडघ्यांच्या वाट्यांवर येतो. म्हणून गिअर हलका ठेवून पाय मिनिटाला ऐंशी-नव्वद फेऱ्यांनी फिरवणे हा इथला मुख्य नियम आहे. बूमची लांबीही अशी बसवायची की पाय सर्वांत लांब गेल्यावर गुडघ्यात थोडा बाक उरेल. सुरुवातीला मांड्यांचे आणि नितंबांचे वेगळे स्नायू दुखतात आणि सरावायला काही आठवडे लागतात. पावले आसनाच्या बरोबरीने किंवा त्याहून वर असल्याने रक्ताला तिथे पोहोचताना गुरुत्वाची मदत मिळत नाही, आणि काहींची बोटे हाताऐवजी आता पायाची बधिर होतात. सैल बूट आणि पायडलवर थोडे मागे ठेवलेले पाऊल यांनी बहुतेकांना फरक पडतो. पाऊल पायडलला पट्ट्याने किंवा क्लिपने बांधणे मात्र सक्तीचे समजावे, कारण ते घसरून जमिनीला टेकले तर वाहन त्याच्यावरून पुढे जाते आणि पाय आडव्या दांड्याखाली ओढला जाऊन जबर इजा होते.

वेगाचे गणित सपाटीवर आणि चढावर वेगळे आहे. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना ताठ बसलेल्या सायकलस्वाराची सुमारे ११० वॅट शक्ती नुसता वारा कापण्यात जाते, तर रेललेल्याची ७० वॅटच्या आसपास. चढावर वाऱ्याचा हा फायदा संपतो. सत्तर किलोच्या माणसाने तेरा किलोची सायकल सोडून अठरा किलोची तीनचाकी घेतली तर उंची चढण्याचे श्रम सहा टक्क्यांनी वाढतात.

आपल्या रस्त्यांवर तीन चाकांच्या तीन वाटा पडतात, त्यामुळे दोन खड्ड्यांच्या मधून निसटायची दुचाकीची युक्ती इथे चालत नाही. वीस इंची पुढची चाके मोठ्या चाकांपेक्षा खड्ड्यात खोल उतरतात आणि बिनमापाचे उंच गतिरोधक सांगाड्याच्या पोटाला घासतात, तेव्हा असे वाहन घेताना रुंद टायर बसतात का आणि जमिनीपासून सांगाडा किती वर आहे ही दोन मापे आधी पाहावीत. चालकाचे डोळे जमिनीपासून मीटरभर उंचीवर किंवा त्याहूनही खाली येतात. मोटारचालकाला तो मोकळ्या रस्त्यावर दुरून दिसतो, मात्र ट्रकच्या किंवा एसटीच्या अगदी पुढ्यात किंवा बाजूला असताना दिसत नाही. म्हणून मागे दीड-दोन मीटर उंच लवचीक काठीवर झेंडा लावतात, दिवसाही मागचा दिवा चालू ठेवतात आणि मान फारशी वळत नसल्याने दोन्ही बाजूंना आरसे बसवतात. सिग्नलला मोठ्या वाहनाच्या बाजूला न थांबता त्याच्या मागे, त्याच्या आरशात आपल्याला चालकाचा चेहरा दिसेल इतके अंतर ठेवून मी थांबतो.