चिऊच्या मेणाच्या घराचं चित्र

जून उजाडला की नाशिकच्या मेन रोडवर वह्या-पुस्तकांच्या दुकानांत अंकलिप्यांचे गठ्ठे येऊन पडतात. कव्हरवर गणपती नाहीतर सरस्वती, आत अ अननसाचा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांवर वाढलेल्या पोराची अक्षरांशी पहिली ओळख होते ती पोर्तुगीजांनी दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या फळामुळे. ही तक्रार नाही. अ वरून सुरू होणारं, चित्र काढायला सोपं असं दुसरं फळ आठवून बघा. अंजीर आहे, पण ते अं च्या वाट्याचं.

अंकलिपीतलं चित्र एकच काम करतं. 'हे काय?' 'अननस.' विषय संपला, पान उलटा. चित्र म्हणजे शब्दाला अडकवलेली पाटी. गेल्या काही वर्षांत नाशिकचे तरुण आईबाप दोन-अडीच वर्षांच्या मुलांसाठी जी चित्रपुस्तकं शोधत फिरतात, ती दुसऱ्या घराण्याची आहेत. तिथे चित्र बघून मूल 'मग?' विचारतं, आणि उत्तर पानावर नसतं. ही दोन घराणी कुठून आली आणि दुसरं आपल्याकडे इतक्या उशिरा का पोचलं, त्याची ही हकीकत.

पहिल्या घराण्याचा मूळपुरुष म्हणून कमेनियसचं नाव घेतात. या मोराविअन शिक्षकाने 1658 साली न्युरेंबर्गला मुलांसाठी सचित्र पुस्तक छापलं. लॅटिन आणि जर्मन शब्द शेजारी-शेजारी, वर लाकडी ठशाचं चित्र, आणि चित्रातल्या वस्तूंना आकडे. जग म्हणजे दीडशे चित्रं, प्रत्येकाला नाव. आपल्या अंकलिपीचा पणजोबा म्हणावं असं हे पुस्तक. पण त्याच्या सुरुवातीच्या वर्णमालेत अ च्या जागी फळ नाही, कावळा आहे. कावळा 'आ आ' ओरडतो, म्हणून अ.

आपल्याकडेही लहान मुलाची पहिली गोष्ट कावळ्याचीच, फक्त ती छापलेली नव्हती. एक होता काऊ, एक होती चिऊ. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, तो चिऊचं दार वाजवतो. 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते', 'थांब, माझ्या बाळाला तीट लावते'. ही 'थांब'ची यादी सांगणाऱ्याच्या उत्साहावर आणि भातातल्या उरलेल्या घासांवर लांबते. गोष्टीत मेणाच्या घराचं वर्णन कुठेच नाही. खिडकी आहे का? आत उजेड येतो का? उन्हाळ्यात त्याचं काय होतं? आजी सांगत नाही, आणि ऐकणारं मूल आपलं आपण घर बांधून घेतं. पुढे ही गोष्ट सचित्र छापली गेली तेव्हा चित्रकाराची पंचाईत झाली असणार. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक पुस्तकांत चिऊचं घर म्हणजे कौलारू झोपडी आणि कुंपणाला फुलं. मेण कुठेच नाही. चित्र आलं आणि घर गेलं, असं मला दर वेळी वाटतं.

म्हणजे कल्पनेला वाव देण्याचं काम आपल्याकडे आधी मांडीवर होत होतं. अडगुलं-मडगुलं, इथे इथे बस रे मोरा. तळहातावर बोट टेकलं की मोर. नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटर अंतरावरचंच जरा स्पष्ट दिसतं. मांडीपासून चेहऱ्यापर्यंत जवळजवळ तेवढंच अंतर असतं. कागद नसला तरी पान तिथे होतंच.

दुसरं घराणं इंग्लंडमध्ये आकाराला आलं. रँडॉल्फ कॉल्डकॉट या चित्रकाराची पहिली दोन चित्रपुस्तकं 1878 साली आली, किंमत एक शिलिंग. जुनीच बडबडगीतं घेऊन तो त्यांत शब्दांत नसलेलं काहीतरी चित्रातून घुसवायचा. एका प्रसिद्ध इंग्रजी बडबडगीतात शेवटी बशी चमच्याबरोबर पळून जाते, गाणं तिथे संपतं. कॉल्डकॉटने पुढे एक चित्र जोडलं. बशीचे तुकडे झालेत, आणि सुरी व काटा, म्हणजे चमच्याचे आईवडील, त्याला दोन्हीकडून धरून घरी नेताहेत. एकही शब्द नाही. बशी कुणी फोडली हे बघणाऱ्याने ठरवायचं. शब्द एक सांगतात, चित्र दुसरं, आणि मधली फट मूल भरतं. चित्रपुस्तक म्हणून आज जे ओळखलं जातं, त्याचं मर्म या फटीत आहे.

1878 हे साल मराठी माणसाला दुसऱ्या कारणाने ठाऊक असायला हवं. त्याच वर्षी पुण्यात चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा छापखाना निघाला. देवदेवता, संत, पेशवे यांची रंगीत शिळाछापाची चित्रं तिथून घरोघरी गेली. 1894 ला रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ गेला. म्हणजे रंगीत छपाई जमत नव्हती असं नाही. पण आपली रंगीत चित्रं देव्हाऱ्यात आणि बैठकीच्या भिंतीवर गेली, पोराच्या हातात नाही. पोराच्या हातात दिलेलं चित्र फाटणार, हे साधं कारणही त्यात असावं. रविवर्म्याच्या छापखान्यात काम केलेले आपले त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके पुढे छपाई सोडून सिनेमाकडे वळले आणि नाशिकला कंपनी थाटून 1919 साली 'कालिया मर्दन' केला. त्यात कृष्ण झाली होती त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. मुलाला मध्यभागी ठेवून चित्रातून गोष्ट सांगणं या गावात इतकं जुनं आहे, फक्त ते पडद्यावर होतं.

मराठी छापील बालसाहित्य तोवर चांगलं जुनं झालं होतं. सदाशिव काशिनाथ छत्र्यांची 'इसापनीतिकथा' आणि 'बाळमित्र' 1828 च्या सुमाराची. वा. गो. आपट्यांचं 'आनंद' मासिक 1906 चं. पण हे सगळं वाचता येणाऱ्या मुलांसाठी. बाळमित्रातला बाळ किमान आठ-दहा वर्षांचा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, 1840 सालचं, म्हणजे कॉल्डकॉटच्या जन्माच्याही सहा वर्षं आधीचं. त्या काळी दोन वर्षांच्या मुलालाही पुस्तक लागतं, ही कल्पना लंडनमध्येसुद्धा फारशी कुणाच्या डोक्यात नव्हती. आज सावानात बालभवन आहे.

अगदी लहान मुलांकडे शिक्षण म्हणून पाहिलं ते बालवाडीवाल्यांनी, आणि इथे एक गुंता आहे. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींना सहाच्या आतल्या मुलांसाठी पऱ्या-राक्षसांच्या कल्पित गोष्टी फारशा पसंत नव्हत्या. आधी खरं जग हाताळू द्या, खरा कप, खरं पाणी, असं त्यांचं म्हणणं. त्यांची पद्धत भारतात रुजवणारे भावनगरचे गिजुभाई बधेका मात्र गोष्टीवेल्हाळ. त्यांनी मुलांना गोष्ट कशी सांगावी याचं अख्खं शास्त्र गुजरातीत लिहून काढलं. मॉन्टेसरींचं साहित्य घेतलं, पण गोष्ट सोडली नाही. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर भावनगरला काम करून आल्या, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, 1945 ला डहाणूजवळच्या बोर्डीत बालवाडीचं काम सुरू झालं, मग अनुताई वाघांसह कोसबाडची टेकडी. तिथल्या बालवाडीत पानं, बिया, शंख-शिंपले हेच साहित्य होतं. आपल्या त्र्यंबक-पेठच्या घाटापलीकडचाच हा मुलूख, तीच वारली-कोकणा पोरं. शंखशिंपल्यांतून मूल वाट्टेल ते करतं, हे तिथे रोज दिसत होतं. पुस्तकाला तिथे फार जागा नव्हती आणि परवडणारंही नव्हतं.

मॉन्टेसरींचा मुद्दा अगदी टाकाऊ मात्र नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्कीने 1930 साली तोच धागा उलट्या बाजूने धरला. कल्पना हवेतून येत नाही, पाहिलेल्या-अनुभवलेल्या तुकड्यांची ती नवी जुळणी असते. ज्याने जास्त पाहिलं त्याच्याकडे सामान जास्त. म्हणजे खरं जग की कल्पना हे भांडणच खोटं. गोदेचा पूर पाहिलेल्या पोराला काऊचं घर कसं वाहून गेलं ते समजावं लागत नाही. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर पाणी आलं, यावरून गावात पूर मोजतात. तिथून घरी आलेलं मूल बादलीत काय-काय बुडवून बघतं ते पाहावं.

स्वातंत्र्यानंतर 1957 मध्ये दिल्लीत नॅशनल बुक ट्रस्ट आणि व्यंगचित्रकार शंकर यांचा चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट निघाले. बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पातळ, स्वस्त पुस्तकं मराठीतही आली. त्याच काळात दुसरा पाहुणा आला, रशियातून. मॉस्कोत मराठीत छापलेली मोठ्या आकाराची पुस्तकं, जाड कागद, पानभर अस्वलं आणि बर्फ, किंमत दोन-चार रुपये. सोविएत सरकार पैसा ओतत होतं म्हणून ती किंमत. आमच्या पिढीतल्या कित्येक नाशिककरांनी भट्टीवर निजणारी म्हातारी आणि बर्च नावाचं झाड चित्रातच पाहिलं आणि जन्मभराचं ओळखीचं करून टाकलं. 1991 ला सोविएत संघ संपला, पुस्तकंही थांबली. ज्यांच्या घरी उरली ते कुणाला हात लावू देत नाहीत.

आपल्या प्रकाशकाला हे का जमत नव्हतं? हिशेब साधा आहे. रंगीत छपाईसाठी चार रंगांचे चार वेगळे साचे. तो खर्च हजार प्रती छापा नाहीतर दहा हजार, तेवढाच. मराठीतली आवृत्ती लहान, म्हणजे प्रतीमागे भार जड. छापखान्यात कागद घडी घालून कापतात म्हणून पानं 16, 24 नाहीतर 32 अशीच पडतात. आणि खरेदी करणारा असतो बाप. तो पुस्तक चाळतो, शब्द मोजतो, म्हणतो, 'एवढ्याशा मजकुराला एवढे पैसे? त्यापेक्षा पाढ्यांचं द्या.' दुकानदाराच्या गल्ल्याशी उभं राहून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की चित्रपुस्तकाचा खरा शत्रू मोबाइल नसून हे वाक्य आहे, असं माझं मत झालंय.

जाड पुठ्ठ्याची, गोल कोपऱ्यांची पुस्तकं तर आणखी खर्चिक. 1969 साली अमेरिकेत एरिक कार्लचं, पानोपानी भोकं पाडत जाणाऱ्या सुरवंटाचं पुस्तक आलं तेव्हा ती भोकं आणि कमी-जास्त रुंदीची पानं परवडेल अशी करून देणारा छापखाना तिथे मिळाला नाही. पहिली आवृत्ती जपानमध्ये छापून घ्यावी लागली.

पण फट ठेवायला महाग छपाईच लागते असंही नाही. 1959 मध्ये चित्रकार लिओ लिओनी न्यूयॉर्कहून रेल्वेने नातवंडांना घेऊन निघाला होता. पोरं डब्यात धिंगाणा घालायला लागली. त्याने हातातल्या मासिकाचं पान फाडलं, एक निळा गोळा, एक पिवळा गोळा, आणि मांडीवरच्या बॅगेवर गोष्ट सुरू केली. निळा नि पिवळा दोस्त, गळाभेट होते, दोघं हिरवे होतात आणि घरचे त्यांना ओळखत नाहीत. त्याचं पुस्तक झालं तेव्हाही त्यात फाडलेल्या कागदाचे गोळेच राहिले. डोळे नाहीत, तोंड नाही. आपल्याकडे फळालासुद्धा डोळे-तोंड काढून हसवायची हौस आहे, तिच्यासमोर हे पुस्तक ठेवून बघावं.

मराठीत शब्द-चित्रांचा हा ताळमेळ ठसठशीतपणे बसला तो माधुरी पुरंदरे यांच्या हातून. लेखन त्यांचं, चित्रंही त्यांची. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, पुढे फ्रान्सला जाऊन आलेल्या. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या 'राधाचं घर', 'यश' या मालिकांत पऱ्या नाहीत, राक्षस नाहीत. घर, शेजारी, रोजची माणसं. तरी मूल एकेका पानावर रेंगाळतं. 'चित्रवाचन' मध्ये तर चित्र बघून मुलानेच बोलायचं. 2014 ला त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. व्हिगॉट्स्कीचं नाव न घेता त्यांच्या पुस्तकांतून त्याचंच म्हणणं दिसतं, असं मला वाटतं: ओळखीचं दाखवा, पुढचं मूल बघून घेईल.

त्यानंतर वेग आला. 2004 मध्ये बेंगळुरूला प्रथम बुक्स ही प्रकाशनसंस्था, 2015 पासून त्यांचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ, जिथून मराठी चित्रकथा फुकट उतरवून छापताही येतात. फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्राने तीन ते आठ वयासाठी 'जादुई पिटारा' आणला. खेळणी, कोडी, बाहुल्यांबरोबर गोष्टींची पुस्तकंही त्यात. नाशिकपुरतं बोलायचं तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाने शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या घरोघरच्या वाचकगटांत फिरवल्या, नंतर मुलांच्या पेट्याही निघाल्या. पुस्तक विकत घेण्याआधी हाताळायला मिळालं की तो गल्ल्यावरचा बाप थोडा मऊ होतो.

पेठ-सुरगाण्याकडची गोष्ट अजून वेगळी. तिथे घरात कोकणा किंवा वारली बोली, पुस्तक प्रमाण मराठीत. अंगणवाडीची ताई चित्र दाखवते आणि गोष्ट आपल्या बोलीत सांगते. खालच्या ओळी वाचतच नाही. शहरातल्या पालकांना हे कानाआड करण्यासारखं वाटेल, पण चित्रपुस्तक वापरायची मला ठाऊक असलेली सगळ्यात चांगली पद्धत तीच आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीतल्या पोरांना चिऊ-काऊची गोष्ट सांगितली आणि कोरे कागद दिले. मेणाचं घर काढा. सात घरं झाली. दोन कौलारू, कुंपणासकट, ती पुस्तकातून आलेली. साडेतीन वर्षांच्या एकीने उंच पांढरा ठोकळा काढला आणि छपरावर काळी रेघ. मी म्हटलं, 'हे काय गं, धुराडं?'

'नाही मावशी, वात. लाइट गेले तर.'