परसातील कोंबड्यांची गादी (कोकण)

कोंबड्यांच्या खुराड्यात व त्याला जोडलेल्या जाळीबंद आवारात जमिनीवर पसरलेला, विष्ठा व ओल शोषून घेणारा सुक्या पदार्थांचा थर. तूस (भाताची टरफले), लाकडाचा भुसा, पेंढा, पातेरा (वाळलेला पालापाचोळा), सोडणाचा (नारळाच्या तंतुमय सालीचा) भुसा व वाळू हे पदार्थ कोकणात त्यासाठी वापरतात. किनारपट्टीत बहुतेक ठिकाणी वर्षाला २,००० ते ३,५०० मिमी. पाऊस पडतो व त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्यामुळे देशावर वर्षभर टिकणारी गादी येथे आषाढातच चिखल होऊ शकते.

गावठी कोंबड्यांना गादी घालण्याची जुनी चाल नव्हती. दिवसभर त्या परसात उकरत फिरत आणि रात्री डालग्याखाली (बांबूच्या टोपलीखाली) किंवा खुराड्यात कोंडल्या जात. जमीन शेणाने सारवायची, वर चुलीतली राख भुरभुरायची, सकाळी सारे झाडून गायरीत (खताच्या खड्ड्यात) टाकायचे, एवढीच व्यवस्था असे. राख ओल शोषते आणि कोंबड्या तीत लोळत असल्याने उवा-पिसवांचा त्रासही कमी होतो.

जाड, साठवत नेलेल्या गादीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार ती अमेरिकेतील ओहायो राज्याच्या कृषी संशोधन केंद्रात १९४० च्या दशकात सिद्ध झाली. दुसरे मत तिला त्याआधीच्या, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या खुराड्यांपर्यंत मागे नेते. तेथे पेंढ्यात दाणे फेकून कोंबड्यांना उकरायला लावत. मात्र तो पेंढा घाण झाला की बाहेर काढला जाई. ओहायोत जुना थर तसाच ठेवून त्यावर नवा चढवला गेला. हा फरक महत्त्वाचा मानल्यास पहिले मत अधिक ग्राह्य ठरते. जुन्या गादीवरील कोंबड्या प्राणिज प्रथिने नसलेल्या खाद्यावरही चांगल्या वाढतात, असे तेथे दिसून आले होते. १९४८ मध्ये ब-१२ जीवनसत्त्व वेगळे करण्यात आल्यावर त्याचा उलगडा झाला: गादीतील सूक्ष्मजंतू ते तयार करतात आणि कोंबड्या टोचून खाताना ते त्यांच्या पोटात जाते. भारतात ही पद्धत संकरित कोंबड्यांबरोबर, साधारणतः १९६० च्या दशकापासून रुजली असे मानतात.

कोकणात भाताचे तूस सर्वांत सोयीचे. त्यात सिलिका भरपूर असल्याने ते लवकर कुजत नाही व त्याची ढेकळे होत नाहीत. पाणी मात्र भुशाहून कमी शोषते. ते कोणत्या गिरणीतून आणले यावर बरेच अवलंबून असते. जुन्या हलर गिरणीत तूस आणि कोंडा एकत्र पडतो. असा माल कोंबड्या खात बसतात आणि दमट हवेत त्याला लवकर बुरशी येते. तूस वेगळे काढणाऱ्या गिरणीतला माल हाताला कोरडा, खरखरीत लागतो, तोच घ्यावा. आंब्याच्या पेट्या बनवणाऱ्या कारखान्यांतला भुसा चांगला शोषतो, पण फार बारीक असेल तर पिल्ले तो खातात. म्हणून पहिले काही दिवस त्यावर कागद अंथरतात. पेंढा आखूड कापून घालावा लागतो. भिजून बुरशी धरलेला पेंढा ॲस्परजिलस बुरशीमुळे पिल्लांच्या फुफ्फुसांना घातक ठरतो. शिवाय पेंढ्यावर गुरांचा आणि पातेऱ्यावर राबाचा (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याचा) हक्क आधीचा, त्यामुळे ऐन मे महिन्यात दोन्ही मिळणे अवघड. सोडणाचा भुसा स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो; हाच गुण पावसाळ्यात दोष ठरतो. किनाऱ्यावरची वाळू खारट असल्याने हवेतली ओल ओढते, आणि ती उचलण्यावर सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांची बंदीही आहे.

मोठ्या कोंबड्यांसाठी गादी १० ते १५ सेंमी. जाड ठेवतात. तिच्यात २० ते २५ टक्के ओल असणे योग्य मानतात. मूठभर गादी दाबून सोडल्यावर ती हळूहळू सुटली तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, अजिबात न बांधता धुरळा उडाला तर कमी. ओल वाढली की अमोनियाचा वास येतो, कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात. विष्ठेतून पडलेली कॉक्सिडिया या परोपजीवींची पुटी ओल, ऊब आणि हवा मिळाल्यास एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात व रक्ती हगवण पसरते. म्हणून गादी आठवड्यातून एक-दोनदा दाताळ्याने खालीवर करतात. पाण्याच्या भांड्याखालची ओली गादी रोज काढावी. बहुतेक बिघाड तेथूनच सुरू होतो.

उघड्या आवारात पदार्थाच्या निवडीआधी निचरा पाहावा लागतो. जांभ्या दगडाचे वीतभर उंच जोते, त्यावर दगडाच्या तुकड्यांची उतरती भर आणि पागोळ्या बाहेर पडतील इतके पुढे आलेले छप्पर असेल तरच वर काही घालण्यात अर्थ आहे. बाजूची झड झावळ्यांच्या झापांनी अडवतात. झाप खालून थोडे मोकळे ठेवले नाहीत तर वारा कोंडतो. निव्वळ जांभ्यावर ठेवलेल्या वजनदार कोंबड्यांच्या तळव्यांना गळवे येतात. पावसाळ्यात छपराबाहेर तूस वाहून जाते. तेथे जाडसर लाकडी ढलप्या किंवा सोडणांचे तुकडे बरे.

काढलेली गादी कुजवून माडांच्या आळ्यात घालतात. ताजी घातल्यास मुळे भाजतात.