टोपोलॉजिकल इन्सुलेटरवरील स्पिनचे एसटीएम निरीक्षण

टोपोलॉजिकल इन्सुलेटर (संस्थितीय निरोधक) आतून विजेला अडवतो, पण पृष्ठभागावरून ती वाहू देतो. बिस्मथ सेलेनाइड हे त्याचे नेहमीचे उदाहरण. याच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनच्या गतीची दिशा आणि त्याचा स्पिन (परिवलन, म्हणजे ज्यामुळे तो इवल्याशा चुंबकासारखा वागतो तो अंगभूत गुण) एकमेकांशी जखडलेले असतात: दिशा उलटली की स्पिनही उलटतो. ही जखडण तपासण्याचे एक साधन म्हणजे क्रमवीक्षण सुरंगन सूक्ष्मदर्शक, बोलण्यात एसटीएम. यात एक अणकुचीदार सुई नमुन्याला न टेकता त्याच्या अगदी जवळून फिरते आणि मधल्या फटीतून इलेक्ट्रॉनांचा बारीक प्रवाह वाहतो.

भौतिकशास्त्रज्ञ बिनिग व रोरर यांनी १९८१ मध्ये झुरिकजवळ हे यंत्र घडवले आणि त्यासाठी त्यांना १९८६ च्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. सुई आणि नमुना यांतले अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढले की प्रवाह साधारण दहा पटींनी घटतो. नमुन्याची तयारी मात्र अगदी घरगुती वाटावी अशी: स्फटिकाला चिकटपट्टी लावून ती निर्वातात ओढली, की पाच-पाच अणुथरांचे, सुमारे १ नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे सुटतात आणि खाली कोरा पृष्ठभाग उघडा पडतो.

साध्या सुईला स्पिन दिसत नाही. तो ओळखावा लागतो जे उमटत नाही त्यावरून. गेटवे ऑफ इंडियाच्या उभ्या दगडी भिंतीवर लाट आपटून मागे फिरते, येणाऱ्या लाटेत मिसळते आणि पाणी जागच्या जागी खालीवर होते. इलेक्ट्रॉनही लहरीसारखे वागतात आणि पृष्ठभागावरच्या दोषांवर आपटून मागे फिरतात; तांब्यावरच्या इलेक्ट्रॉनांच्या अशा स्थिर लहरी १९९३ मध्ये एसटीएमने दिसल्या होत्या. २००९ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने बिस्मथ-अँटिमनी मिश्रणावर तसेच नकाशे काढले, तेव्हा थेट मागे फिरण्याची खूण त्यांत नव्हती. मागे वळायला स्पिनही उलटावा लागतो, आणि चुंबकीय नसलेला दोष (म्हणजे स्फटिकाच्या रचनेतली खोट) तो उलटवू शकत नाही. इथे सर्रास एक गफलत होते: विखुरणेच थांबते असे समजले जाते. मनाई फक्त नेमक्या १८० अंशांच्या वळणाला आहे. तिरके विखुरणे चालूच राहते.

स्पिन थेट मोजायचा तर सुईच चुंबकीय हवी. सुईचे चुंबकत्व उलटवून दोन मोजमापांतला फरक काढतात. पण लोखंडी सुईचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र नमुन्याला ढवळते, म्हणून बाहेर जवळजवळ क्षेत्र न सोडणाऱ्या क्रोमियमच्या सुया अनेकजण पसंत करतात.

मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, ०.३५ केल्विनपर्यंत उतरणारे आणि ९ टेस्ला चुंबकीय क्षेत्राचे एसटीएम बांधले गेले, ते मात्र अतिवाहकांच्या (विनारोध वीज वाहणाऱ्या पदार्थांच्या) अभ्यासासाठी.